एचटी बंद केली म्हणजे डीपी बंद झाली असं नसतं

वीज कंपनीतल्या आमच्या सेक्शनला दरवर्षी आयटीआय झालेली नवी मुलं-मुली येतात. पोलवरच्या डीपीची, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची, भीती त्यांना फारशी नसते, कारण ती रोज रस्त्यावर दिसते आणि वर चढायचं म्हटलं की माणूस आपोआप सावध होतो. घात होतो तो जमिनीवरच्या जुन्या डीपीत. गावठाणात, पेठांत, जुन्या कामगार वसाहतींत चिऱ्याची किंवा विटांची एक खोली असते. लोखंडी दार, वर जाळीची झडप, आत ओट्यावर ट्रान्सफॉर्मर. काही दारांवर अजून ‘म.रा.वि.मं.’ रंगवलेलं दिसतं, त्या जुन्या वीज मंडळाच्या कंपन्या २००५ मध्येच झाल्या तरी. जमिनीवर दोन्ही पाय टेकलेले असतात, डोक्यावर सावली असते, बाहेर पोरं खेळत असतात. घरातल्या बोर्डाला हात लावावा तसा माणूस त्या खोलीत वावरायला लागतो. मीही तशीच वावरले होते, म्हणून हे लिहिते आहे.

दार उघडलं की लगेच आत शिरू नका. पाच मिनिटं बाहेर थांबा, वारा जाऊ द्या. बॅटरी मारून आधी जमीन बघा, मग भिंती, मग वर. केबलच्या चरात साप असतो, ही ऐकीव गोष्ट नाही, आमच्याकडे पावसाळ्यात धामण निघतेच. मधमाश्यांचं पोळं झडपेच्या आतल्या बाजूला असतं आणि बाहेरून दिसत नाही. जमिनीवर तेलाचा डाग ओला आहे की धूळ बसून काळा पडलाय ते पाहा. ओला असेल तर गळती चालू आहे. ब्रीदरमधली (ट्रान्सफॉर्मर जिथून हवा घेतो तिथली) सिलिका जेल निळी असावी, गुलाबी झाली असेल तर ती ओल धरून बसली आहे. (नव्या मालात नारिंगीची हिरवी होते, त्यामुळे आपल्याकडे कुठली भरली आहे ते आधी विचारा.) अर्थिंगची पट्टी हाताने हलवून बघू नका, नजरेने पायथ्यापर्यंत जा. जीआय पट्टी वर चकचकीत असते आणि मातीत शिरते तिथेच गंजून तुटलेली असते. तांब्याची असेल तर बहुधा चोरीलाच गेलेली असते.

उघड्या ओट्यावरच्या डीपीला कुंपण असतं. ते १.८ मीटरपेक्षा कमी नसावं असा नियम आहे. प्रत्यक्षात त्याला फ्लेक्स बांधलेले असतात आणि पायाशी गल्लीतला कचरा साठलेला असतो. एखाद्या संध्याकाळी तो कचरा कुणीतरी पेटवतो. हे दिसलं की तेवढ्यापुरतं साफ करून गप्प बसू नका, रजिस्टरला लिहा.

आता मूळ मुद्दा.

मे महिना होता, लग्नसराई. जुन्या गावठाणातली दगडी खोली, २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. एचटीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या बाजूच्या, एका बुशिंगखालून (तार टाकीत शिरते तिथल्या इन्सुलेटरखालून) तेल झिरपत होतं, गॅस्केट बदलायचं होतं. काम तासाभराचं. सबस्टेशनवरून परमिट (लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी) घेतलं, खोलीतला एचटीचा स्विच उघडला, वीज असेल तर वाजणारा डिटेक्टर लावून बघितलं, रॉडने तीनही फेज अर्थ केले, म्हणजे वायरने जमिनीला जोडले. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. मग एलटीकडे, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या कमी दाबाच्या बाजूकडे, आले. चार सर्किटं होती. तिघांचे फ्यूज काढून खाली ठेवले. चौथ्याचे होल्डर गंजून बसले होते. दोनदा ओढून पाहिलं, हलेनात. मनात म्हटलं, वरून लाइन बंदच आहे, मागून येणार कुठून? सोडून दिलं.

दुसरी चूक त्याच्यापाठोपाठ झाली. एचटीवर लावलेली अर्थिंगची वायर बुशिंगच्या नटाला आडवी येत होती. पाना नीट बसेना. मी ती काढून बाजूला ठेवली.

हातमोजे काढलेले, पाना हातात. आमचे हेड वायरमन दाराशी उभे होते, सगळे त्यांना दादा म्हणतात. मी नटाकडे वाकले तेवढ्यात त्यांनी ओरडून माझी कॉलर मागून धरली आणि मला ओट्यावरून खाली खेचलं. मला काही कळेना. ते एवढंच म्हणाले, “ऐक.”

ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.

चालू डीपीचा आवाज आपण रोज ऐकतो, म्हणून तो आपल्याला ऐकूच येत नाही. बंद डीपी मात्र मुकी असते. ही बंद होती आणि तिच्यातून बारीक, चढत जाणारा हूं आवाज येत होता. दादांनी काठीवरचा डिटेक्टर एचटीच्या बुशिंगजवळ नेला आणि तो किंचाळायला लागला. ज्या नटाला मी हात घालणार होते, त्यावर एचटीचा दाब (व्होल्टेज) होता, सबस्टेशनवरून फीडर, म्हणजे येणारी लाइन, बंद असताना.

चौथं सर्किट एका मंगल कार्यालयाचं होतं. लाइट गेल्यावर त्यांनी जनरेटर लावला. त्यांचा चेंजओव्हर स्विच (लाइन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) बिघडलेला, कुणीतरी तो बाजूला टाकून वायर सरळ जोडलेली. रोज मेन स्विच पाडून जनरेटर लावायचे, त्या दिवशी गडबडीत मेन पाडला नाही.

आता हे नीट समजून घ्या, कारण आयटीआयमध्ये ट्रान्सफॉर्मर शिकवतात तेव्हा बाण एकाच दिशेला काढतात, अकरा हजार व्होल्टकडून ४३३ कडे. ट्रान्सफॉर्मरला तो बाण माहीत नसतो. एलटीकडून दाब दिला की तो एचटीला वाढवून देतो. ११००० ला ४३३ ने भागलं की २५ च्या थोडं वर येतं. म्हणजे एलटीवर दोन फेजमध्ये आलेल्या प्रत्येक व्होल्टचे एचटीवर पंचवीस होतात. तीनही फेज यायलाच हवेत असंही नाही. घरगुती २३० व्होल्ट एका फेजला आणि न्यूट्रलला मिळाले तरी एचटीकडच्या डेल्टामधल्या (त्रिकोणी जोडणीतल्या) त्या वाइंडिंगवर दहा हजारांच्या आसपास दाब तयार होतो, कारण फेज-न्यूट्रलला हे प्रमाण पंचवीस नाही, चव्वेचाळीस पट पडतं.

इथे प्रत्येक नवा माणूस एक वाद घालतो आणि मीही घातला होता: एवढासा जनरेटर अख्खी डीपी कशी चालवेल, ट्रिप होईल ना? होईल, जर त्याच्यावर अख्ख्या गल्लीचा लोड आला तर. पण गल्लीचे फ्यूज मी स्वतःच काढून ठेवले होते. जनरेटरपुढे उरलं होतं फक्त कार्यालय आणि रिकामा ट्रान्सफॉर्मर. आणि रिकामा ट्रान्सफॉर्मर फार थोडा करंट खातो. २०० केव्हीएच्या डीपीचा एलटी फुल लोड २६७ अँपिअर, नो-लोडला त्याचा शंभरात एक-दोन भाग, म्हणजे पाच अँपिअरच्या आत-बाहेर. कार्यालयाच्या जनरेटरला ते जाणवतही नाही. जनरेटर आधीपासून जोडलेलाच होता, त्यामुळे तो सुरू होताना दाब हळूहळू चढत गेला, झटका बसला नाही, ट्रिपही झाला नाही. तीन सर्किटं काढून एक ठेवणं हे चारही ठेवण्यापेक्षा वाईट ठरलं. अर्धी काळजी घेतली की अशी अंगाशी येते.

आणि ती अर्थिंगची वायर जागेवर असती तर? एचटीचे तीनही फेज शॉर्ट होऊन जमिनीला असते, जनरेटरला समोर शॉर्ट सर्किट दिसलं असतं आणि तो तिथल्या तिथे बसला असता. ती वायर केवळ तार रिकामी करायला नसते. काम संपेपर्यंत मागून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून ती तुम्हाला वाचवते. पाना बसत नसेल तर वायरची जागा बदला, काढू नका.

आता घराघरांत इन्व्हर्टर आहेत, फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून छपरावर सोलरही वाढलंय. चांगला सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेली की आपोआप बंद होतो, तशीच त्याची रचना असते. पण कुणाच्या घरात वायरिंग कुणी केलं हे तुम्हाला खोलीत उभं राहून कळणार नाही. दुसऱ्याच्या मशीनच्या भरवशावर हात घालू नका.

जुन्या खोलीचा आणखी एक फास, थोडक्यात. एचटीच्या केबली दोन असू शकतात, एक येणारी आणि एक पुढे जाणारी. रिंग असेल, म्हणजे लाइन दोन्ही टोकांनी जोडलेली असेल, तर पुढे जाणारीही दुसऱ्या फीडरवरून जिवंत असते. दारावरचा नकाशा कित्येक वर्षांपूर्वीचा असतो. नवीन पेटीबंद सबस्टेशनात स्विच उघडल्याशिवाय अर्थिंग लागत नाही, अर्थिंग लागल्याशिवाय केबलचं दार उघडत नाही, मशीनच तुम्हाला अडवते. जुन्या खोलीत अडवणारं कुणी नसतं. म्हणून प्रत्येक केबलचं प्रत्येक टोक तपासा, डिटेक्टर आधी चालू लाइनवर वाजवून घ्या, मग बंद लाइनवर लावा, मग पुन्हा चालूवर. मुका झालेला डिटेक्टर आणि बंद लाइन दोन्ही गप्पच असतात.

परमिटबद्दल माझं मत ठाम आहे. फोनवर ‘तीन वाजता लाइन सोडा’ असं सांगणारा माणूस कितीही अनुभवी असो, त्याच्याबरोबर काम करू नका. घड्याळावर लाइन चालू होता कामा नये. ज्याने घेतलं त्यानेच, माणसं मोजून, परत करायचं.

आणि शिकवणाऱ्यांबद्दल. सेक्शनला दोन प्रकारचे सीनियर भेटतात. एक पटापट काम उरकतात, उघड्या हाताने फ्यूज बसवून दाखवतात, जाड वायर घालून ‘आता जात नाही’ म्हणतात. नव्या पोरांना तेच हुशार वाटतात. दुसरे हळू असतात, दाराशी उभे राहतात, फार बोलत नाहीत. तुम्ही दुसऱ्यांच्या मागे जा. दादा त्या दिवशी दाराशी रिकामे उभे नव्हते, ते ऐकत होते. हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. मोबाइलवरच्या व्हिडिओतून जोड कसा मारायचा ते शिकता येतं, डीपीचा आवाज तिथे ऐकू येत नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी खोलीत जाऊ शकले नाही. दाराला हात लावला की तळव्यांना घाम फुटायचा. घरी सांगितलं नव्हतं, आईने नोकरी सोडायला लावली असती. तुमच्यापैकी कुणाला असं झालं तर त्याची लाज बाळगू नका आणि लपवूनही ठेवू नका. मी दादांना सांगितलं. त्यांनी मला कामाला लावलं नाही, रोज सकाळी सोबत नेऊन दाराबाहेर उभं केलं आणि चालू डीपी ऐकायला सांगितलं. मग एक दिवस परमिट घेऊन बंद केलेली ऐकवली. भीती गेली नाही, पण तिला काम मिळालं. आज मी एकटीने खोली उघडते, आणि तुम्हीही उघडाल. हे काम मुलींना झेपत नाही असं म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, हातमोज्यांची मनगटाकडची बाजू गुंडाळून हवा कोंडून बघा, कुठून सुटते का. तेवढा वेळ त्यात घालवा.

एलटीचे काढलेले फ्यूज खाली ठेवायचे नाहीत, होल्डरसकट स्वतःच्या पिशवीत टाकायचे आणि पिशवी खांद्यावर ठेवायची. मोजायचे: चार सर्किटं, प्रत्येकी तीन, बारा. अकरा भरले तर काम सुरू करायचं नाही. होल्डर अडकला असेल तर एचटीच्या कामाला हातच लावायचा नाही, परमिट परत करायचं आणि साहेबांना सांगायचं की आज होणार नाही. पहिल्यांदा हे सांगताना जीभ जड होते. साहेब चिडतील, चार बोलतील. बोलू द्या.

त्या खोलीतले चौथ्या सर्किटचे तीनही होल्डर त्याच आठवड्यात बदलले. जुन्यांतला एक मी मागून घेतला. गंजाने त्याची पकड काळी पडली आहे आणि कडेला माझ्या पान्याचे दोन ओरखडे आहेत. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी तो मी टेबलावर ठेवते आणि प्रत्येकाला हातात घ्यायला लावते.