रशियाचं परराष्ट्र धोरण शिकायचंय? आधी कागद वाचा

इंटरनॅशनल रिलेशन्सला नवीन आलेली बरीच मुलं रशिया हा विषय घेतात आणि पुतिनच्या मनात काय चाललंय यावरचे व्हिडिओ बघत बसतात. कळकळीने सांगते, तिथून सुरुवात करू नका. रशिया स्वतःची परराष्ट्र धोरण संकल्पना लेखी जाहीर करतो, त्यातली 2016 ची आणि मार्च 2023 ची अशा दोन्ही प्रिंट काढा आणि आधी फक्त एवढंच बघा की कुठला प्रदेश कितव्या नंबरवर आलाय.

2016 मध्ये जुन्या सोव्हिएत देशांच्या पाठोपाठ युरोप आणि अमेरिका येतात. 2023 मध्ये आधी शेजारी देश, मग आर्क्टिक, मग चीन आणि भारत, मग आशिया-पॅसिफिक, इस्लामी जग, आफ्रिका, लॅटिन अमेरिका, आणि हे सगळं झाल्यावर युरोप, त्याच्याही खाली अमेरिका, आणि अमेरिकेच्या खाली फक्त अंटार्क्टिका! वहीत दोन कॉलम करून हे लिहिलं की युक्रेन युद्धानंतर मॉस्कोने स्वतःला कुठे नेऊन ठेवलंय ते लख्ख दिसतं.

पण कागदावर थांबलात तर फसाल. शेजारी देश पहिल्या नंबरवर आहेत ना, मग सप्टेंबर 2023 मध्ये अझरबैजानने काराबाख हा आर्मेनियन वस्तीचा भाग ताब्यात घेतला तेव्हा 2020 पासून तिथे असलेल्या रशियन शांतिसैनिकांनी अडवलं नाही, एक लाखाहून जास्त आर्मेनियन लोक घरंदारं सोडून निघाले, त्याचं काय? लिहिलेलं आणि केलेलं यात एवढी तफावत का पडली, युक्रेनमध्ये सैन्य गुंतलं म्हणून की तुर्की आणि अझरबैजानची गरज वाढली म्हणून, हे शोधणं म्हणजे खरा अभ्यास, आणि मला विचाराल तर दोन्ही कारणं धरावी लागतात.

रशियन भाषा मात्र शिकाच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला कोर्स आहेत, मुंबईत पेडर रोडला रशियन हाउस आहे. नुसत्या इंग्रजीवर राहिलात तर रशियन लोक आपसात काय वाद घालतात ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

अजून एक, आपल्याकडे 1971 च्या भारत-सोव्हिएत मैत्री करारापासून रशिया म्हणजे जुना दोस्त, हे घरातूनच डोक्यात बसलेलं असतं. त्या मैत्रीबद्दल मलाही आदर आहे, पण कीव्ह, येरेवान (आर्मेनिया), ताश्कंदचे अभ्यासक काय लिहितात तेही वाचा, ते मॉस्कोच्या शेजारी राहतात. पुढे याच विषयात राहायचं असेल तर जेएनयूमध्ये रशियन आणि मध्य आशियाई अभ्यासाचं वेगळं सेंटर आहे, तिकडे अर्ज करायच्या आधी वर सांगितलेले दोन कॉलम भरून ठेवा.