मानसोपचाराची पद्धत कशी निवडावी

मानसोपचार घ्यायचे ठरले की बहुतेक जण लगेच तज्ज्ञाचे नाव विचारू लागतात. माझ्या मते त्याआधी आपली तक्रार दोन-चार वाक्यांत लिहून काढावी, कारण त्रास केव्हा सुरू झाला, कशाने वाढतो आणि कोणती कामे अडली आहेत हे कागदावर आले की पहिल्याच भेटीत नेमके बोलता येते.

‘मी नापास झालो तर माझी किंमत शून्य’ अशा स्वतःच्याच अट्टहासी विचारांनी निराशा किंवा चिंता वाढत असेल, तर विवेकनिष्ठ मानसोपचार किंवा बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि वागणूक दोन्ही बदलू पाहणारा उपचार, यांचा विचार करावा. पहिली पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. घटनेपेक्षा तिच्याविषयीची आपली धारणा कशी छळते, हे तज्ज्ञ रुग्णासोबत तपासतो आणि दोन भेटींच्या मधल्या काळासाठी गृहपाठ देतो. हा गृहपाठ टाळल्यास उपचार अर्धाच राहतो.

मंत्रचळात, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणे किंवा कुलूप तपासणे यांसारख्या त्रासात, नुसती चर्चा पुरत नाही. तिथे भीतीला सामोरे जाऊन ठरावीक कृती रोखण्याचा उपचार करतात. भीतीच्या प्रसंगांची सौम्य ते तीव्र अशी उतरंड लावून रुग्ण, उदाहरणार्थ, दाराच्या कडीला हात लावतो आणि हात न धुता थांबतो. सुरुवातीला घालमेल वाढते, पण हात न धुताही ती सहन होते आणि अनर्थ घडत नाही, हा अनुभव पुन्हा पुन्हा घेतल्याने कृतीची सक्ती सैल होते. घरच्यांनी मायेपोटी दिलेला ‘झाले गं स्वच्छ’ हा दिलासाही आजाराला खतपाणी घालतो, म्हणून त्यांनाही उपचारात सामील करून घ्यावे लागते.

नात्यांत तेच तेच दुखणे उगवत असेल, तर त्याची मुळे भूतकाळात शोधणारा मनोगतिकीय उपचार उपयोगी पडू शकतो; तो अनेकदा दीर्घ चालतो. घरातील संवादच तुटला असेल, तर कुटुंबोपचार घ्यावा.

पहिल्या भेटीत तज्ज्ञाला त्याचे शिक्षण, वापरणार असलेली पद्धत आणि प्रगती कशी मोजणार हे निःसंकोच विचारावे. चांगला तज्ज्ञ या प्रश्नांनी दुखावत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे पाहावे. औषधे मात्र मानसशास्त्रज्ञ नव्हे, तर डॉक्टर असलेला मनोविकारतज्ज्ञ लिहून देतो, आणि तीव्र नैराश्यात किंवा भास होत असताना त्याच्याकडे जाण्यास विलंब करू नये. जीव नकोसा वाटत असेल, तर पद्धतीची निवड बाजूला ठेवून जवळच्या व्यक्तीला सोबत घ्यावे आणि केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.