अकरावीच्या तोंडावर अमेरिकेत शाळा बदलताना

गेल्या महिन्यात धाकट्या दिरांचा न्यू जर्सीहून फोन आला. "वहिनी, डॅलसला नोकरी मिळाली. जानेवारीत जॉइन व्हायचंय. पण पोरगा दहावीत आहे, मध्येच शाळा बदलली तर कॉलेजच्या ॲडमिशनचं काय होईल?"

मी म्हटलं, "भाऊजी, जानेवारीत तुम्ही एकटे या. जाऊबाई आणि मुलगा जूनमध्ये येऊ देत."

हा सल्ला मला आमच्या स्वतःच्या अनुभवाने शिकवला. चार वर्षांपूर्वी, लेकीची दहावी संपल्यावर जुलैमध्ये आम्हीही असेच न्यू जर्सीहून टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला आलो. इथे हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं आणि चारही वर्षांचे मार्क कॉलेज बघतं. त्यामुळे दहावी झाली म्हणजे पाटी कोरी झाली, असं इथे नाही. शाळा बदलली म्हणून कॉलेजवाले मुलाला कमी लेखत नाहीत. वडिलांची नोकरी बदलली हे कारण त्यांना पुरतं. नुकसान होतं ते जुने मार्क नव्या शाळेच्या हिशोबात बसवताना, आणि ते बरंचसं टाळता येतं.

वर्षाच्या मध्ये हलवू नका म्हणते त्याचं कारण साधं आहे. काही शाळांत एक विषय वर्षभर चालतो, काही शाळांत तोच विषय रोज दीड तास घेऊन एका सेमिस्टरमध्ये संपवतात. अर्धी केमिस्ट्री झालेल्या मुलाला जानेवारीत बसवायला वर्गच नसतो. एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सच्या, वर्गात जागा भरलेल्या असतात. मेमधल्या एपी परीक्षेची नोंदणीही बहुतेकांची नोव्हेंबरातच झालेली असते, ती नव्या शाळेत नव्याने लावून घ्यावी लागते.

जुनी शाळा सोडण्याआधी काय काय गोळा करायचं, ते आता नीट सांगते. सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या (सगळ्या विषयांचं आणि मार्कांचं शाळेचं अधिकृत पत्रक) दोन प्रती घ्या आणि एक उघडी प्रत स्वतःसाठी. सीलबंद पाकीट फोडायचं नाही, नवी शाळा ते तसंच मागते. प्रत्येक विषयाचा सिलॅबस, पुस्तकाचं नाव आणि शाळेचं कोर्स कॅटलॉग पीडीएफमध्ये ठेवा, कारण कुठला ऑनर्स (नेहमीपेक्षा वरच्या पातळीचा) कोर्स किती अवघड होता हे सिद्ध करायला दुसरं काही हाताशी नसतं. शाळेचं प्रोफाइलही मागून घ्या. त्या दोन-चार पानांत शाळा मार्क कसे देते, रँक (बरोबरच्या मुलांत कितवा नंबर) देते की नाही, एपी किती शिकवते हे सगळं असतं आणि कॉलेजवाले ट्रान्सक्रिप्ट त्याच्या शेजारी ठेवूनच वाचतात.

आणि मिडल स्कूलचे मार्क. हे मी विसरले होते. लेकीने अल्जिब्रा १ आठवीत केलं होतं आणि तिच्या न्यू जर्सीच्या हायस्कूल ट्रान्सक्रिप्टवर त्याचा उल्लेखच नव्हता. टेक्ससमध्ये आठवीत केलेल्या अल्जिब्राला हायस्कूलचं क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयाचं, पदवीसाठी मोजलं जाणारं एकक) मिळतं आणि ते ट्रान्सक्रिप्टवर दिसतं. ते एक क्रेडिट मिळवायला मला ऑगस्टभर फोन करावे लागले. क्रेडिटचे आकडे बघूनही घाबरू नका. न्यू जर्सीत वर्षभराच्या विषयाला ५ क्रेडिट आणि हायस्कूलच्या पदवीला १२० लागतात. टेक्ससमध्ये त्याच विषयाला १ क्रेडिट, आणि पदवीला एंडॉर्समेंटसह (एखाद्या निवडलेल्या शाखेतले जादा विषय) २६.

आता रँक. टेक्ससला येणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. १९९७ च्या कायद्याने इथे प्रत्येक शाळेतल्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाची मर्यादा त्याहून कडक आहे. आमच्या वेळी ६ टक्के होती, २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्के झाली. न्यू जर्सीत कित्येक शाळांनी रँक देणंच सोडून दिलंय, त्यामुळे आम्हाला त्याची सवयच नव्हती. नव्या डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) नियमात लेकीच्या नववी-दहावीच्या ऑनर्स कोर्सना जादा वेटेज मिळालं नाही, ते साधे धरले गेले. मार्क तेच, पण वेटेड जीपीए (अवघड कोर्सना जादा गुण धरून काढलेली सरासरी, जिच्यावरून रँक लागतो) खाली. अकरावीत तिने जिवापाड मेहनत केली तरी बाकीच्यांचे दोन वर्षांचे जादा गुण भरून निघाले नाहीत. ती आठ टक्क्यांवर थांबली. ऑस्टिनचा आपोआप प्रवेश गेला, टेक्सस ए अँड एमचा मिळाला. तिथे ती इंजिनीअरिंग करते आहे आणि रमली आहे. तरीही त्या उन्हाळ्यात मी एक प्रश्न विचारायला हवा होता, ही रुखरुख आहेच.

तो प्रश्न असा: "बाहेरच्या राज्यातून आलेल्या ऑनर्स आणि एपीचं वेटेज तुम्ही कसं धरता, आणि रँकमध्ये यायला इथे किती काळ शिकावं लागतं?" उत्तर डिस्ट्रिक्टप्रमाणे बदलतं. कुणी ४ वर, कुणी ५ वर, कुणी ६ वर, कुणी १०० वर जीपीए मोजतं. म्हणून घर भाड्याने घेण्याआधी दोन-तीन डिस्ट्रिक्टना विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. आपोआप प्रवेशासाठी 'डिस्टिंग्विश्ड लेव्हल ऑफ अचीव्हमेंट'ही लागते, म्हणजे अल्जिब्रा २ धरून गणिताची चार क्रेडिटं, सायन्सची चार आणि एक एंडॉर्समेंट. पहिल्याच भेटीत शाळेच्या काउन्सेलरकडून (विषय निवडायला आणि कॉलेजच्या अर्जाला मदत करणारी व्यक्ती) हे वेळापत्रकात बसवून घ्या.

कॅलिफोर्नियाला जाणाऱ्यांचं गणित निराळं. तिथली यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ही सरकारी विद्यापीठं दहावी-अकरावीच्या मार्कांवरून स्वतःच जीपीए काढतात, आणि बाहेरच्या राज्यातल्या शाळेच्या ऑनर्स कोर्सला जादा गुण देत नाहीत. एपी आणि आयबीला (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) देतात. शिवाय चित्र, संगीत, नाटक यांसारख्या एका कलेचं पूर्ण एक वर्ष लागतं. बाहेरून आलेल्या मुलांचं नेमकं तेच राहून गेलेलं असतं.

शिफारसपत्रांचा विचार शाळा सोडायच्या आठवड्यातच करा. नव्या शाळेतले शिक्षक अर्जाच्या वेळी मुलाला जेमतेम वर्षभर ओळखत असतात. एमआयटीसारखी कॉलेजं एक पत्र गणित किंवा सायन्सच्या शिक्षकाचं आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकाचं मागतात. लेकीने दहावीच्या केमिस्ट्रीच्या बाईंना निघतानाच विचारून ठेवलं होतं, अधूनमधून ईमेलही करत राहिली. बाईंनी लिहिलेलं पत्र तिच्या अर्जातली सगळ्यात भक्कम गोष्ट ठरली, असं मला मनापासून वाटतं. अर्थात अकरावीतल्या एखाद्या शिक्षकाचं पत्रही हवंच.

नव्या काउन्सेलरला तर मूल अजिबातच माहीत नसतं. सप्टेंबरात एक पानभर माहिती नेऊन द्या: कधी आलो, का आलो, जुन्या शाळेत काय केलं, इथे काय मिळालं नाही. लेक जुन्या शाळेत डिबेटची उपकप्तान होणार होती, इथे सगळं पहिल्यापासून सुरू. हेही त्या पानावर लिहिलं.

कॉमन ॲपमध्ये (एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची ऑनलाइन सोय) आधीच्या शाळांची नावं आणि सोडण्याचं कारण विचारतात. तिथे एक वाक्य पुरतं. पुढे 'ॲडिशनल इन्फर्मेशन' नावाची जागा असते. तिथे लेकीने चार ओळी लिहिल्या: अकरावीआधी राज्य बदललं, जुन्या शाळेत रँक नव्हता, दोन वर्षांच्या ऑनर्सचं वेटेज नव्या शाळेत धरलं गेलं नाही, दोन्ही ट्रान्सक्रिप्ट जोडली आहेत. तक्रारीचा सूर नको. ६५० शब्दांचा मुख्य निबंध मात्र स्थलांतरावर खर्च करू नका, मुलाला दुसरं काही सांगायचं असेल तर ते सांगू द्या.

अकरावीच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये मार्क थोडे घसरतात. आमच्याकडेही घसरले. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये सावरले तर वाचणाऱ्याला ते दिसतं. म्हणून पहिल्या वर्षी पाच-पाच एपीचा भार घालू नका. आम्ही तीन घेतले, तेही जड गेले.

दिरांनी काल फोटो पाठवला: दोन सीलबंद पाकिटं, सहा सिलॅबस, शाळेचं प्रोफाइल. मिडल स्कूलचं मार्कपत्रक अजून मागवायचं आहे. सोमवारी शाळा उघडली की जाऊबाई आधी तोच फोन करणार आहेत.