जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट घरीच नीट करायची असेल तर

इकडे मिशिगन-मिनेसोटाकडे कितीतरी घरांच्या मागे बारा-चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट उलटी पडलेली असते आणि मालक ती एकदाची जावी म्हणून स्वस्तात देऊन टाकतो. अशी दिसली तर जरूर घ्या, फक्त कागदपत्रं आणि नंबर आधी बघा. ५०-६० वर्षं जुना पत्रा सुद्धा बऱ्याचदा धडधाकट निघतो, खराब होतं ते त्याला जोडलेलं लाकूड, फोम आणि रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे.

बहुतेक जण आणल्या आणल्या रंगाच्या मागे लागतात, ते करू नका, आधी गळती शोधा. बोट ट्रेलरवर नीट टेकलेली असू दे, आत होजने ३-४ इंच पाणी सोडा, त्याहून जास्त नको कारण लिटरला एक किलो, चौदा फुटी बोटीत तेवढ्याचंच तीन-चारशे किलो वजन होतं. मग बाहेरून तळाचा एकेक रिव्हेट टॉर्च मारून बघत जा. जिथे गळतं तिथे रिव्हेटच्या डोक्याभोवती आधी ओली कड दिसते, मग हळूहळू थेंब धरतो, तिथे लगेच मार्करने गोल करा, कारण पाणी काढल्यावर सगळे रिव्हेट सारखेच दिसतात.

सैल रिव्हेट बदलायची घाई नको, आधी ठोकून घट्ट करून बघा. हे दोघांचं काम आहे, एकाने आतून जड लोखंडी ठोकळा रिव्हेटवर दाबून धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची, दोन-चार नेमके घाव पुरतात, जास्त मारलं तर आजूबाजूचा पत्रा ताणला जातो. नाहीच बसला तर ड्रिलने काढून बंद टोकाचा पॉप रिव्हेट (गनने एकाच बाजूने बसवायचा) थ्रीएमच्या ५२०० या बोटीच्या सीलंटमध्ये बुडवून लावा. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, त्यातूनच पाणी येतं. सांध्यांवर आतून ग्लुव्हिट नावाचं इपॉक्सी छान बसतं, पण ते रिव्हेट घट्ट झाल्यावर, त्याच्याऐवजी नाही.

आता ट्रान्सम, म्हणजे मोटर लावतात ती मागची फळी. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत रुतला आणि काळा ओला भुसा निघाला तर फळी गेली, त्यावर मोटर लावणं धोक्याचं आहे. जुनी फळी अख्खी काढून तिचाच साचा करा, पाऊण इंची प्लायवूडचे दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवा, कडा आणि बोल्टची भोकं सुद्धा इपॉक्सीने बंद करा. आणि कृपा करून प्रेशर ट्रीटेड लाकूड वापरू नका! २००४ पासून घरगुती वापराच्या त्या लाकडात बहुतेक तांब्याचे क्षार असतात, ओल आली की तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं, पत्र्याला भोकं पडतात. तळाला लावायचा तांब्याचा बॉटम पेंट सुद्धा याच कारणाने नको, आणि बोल्ट स्टेनलेसचे घ्या.

बाकाखालचा फोम उचलून बघा, जड लागला तर पाणी प्यायलाय, बदला. पण नुसता काढून टाकू नका, बोट भरली तर तोच तिला तरंगत ठेवतो. निळे-गुलाबी इन्सुलेशन बोर्ड कापून बसतात, फक्त पेट्रोलपासून लांब ठेवा, पेट्रोलने ते विरघळतात.

रंग शेवटी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका, ओलं घासा, मास्क घाला. लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुतून पुढे तिथेच डाग आणि खड्डे पडतात, स्कॉचब्राइट घ्या. कॉस्टिक सोडावालं रंग काढायचं रिमूव्हर तर अजिबात नको, ते पत्राच खातं. घासून, धुवून, वाळवून त्याच दिवशी सेल्फ-एचिंग प्रायमर, म्हणजे पत्र्याला किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला थर, मारा, उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर धरतो आणि मग रंग पापुद्रे सुटून निघतो. वर लावायचा पेंट त्या प्रायमरवर चालतो ना हे डब्यावर वाचून घ्या.

तळ्यावर न्यायच्या आधी ट्रेलरच्या बेअरिंगना ग्रीस भरा, आणि पहिल्यांदा बोट काठाजवळच ठेवून आत पाणी येतंय का बघा.