वारसा दिनाचा कार्यक्रम कसा आखावा

दक्षिण आफ्रिकेत २४ सप्टेंबरला वारसा दिनाची सार्वजनिक सुटी असते. तो रविवारी आल्यास सोमवारीही सुटी मिळते, म्हणून वस्तीतील कार्यक्रम ठरवताना आधी वार पाहावा. सुरुवात राष्ट्रगीताने करावी. १९९७ पासूनच्या या गीतात खोसा, झुलू, सेसोथो, आफ्रिकान्स आणि इंग्रजी अशा ५ भाषा असल्याने, न येणाऱ्या ओळींचे उच्चार त्या भाषकांकडून आदल्या दिवशीच घोटून घ्यावेत, कारण नुसते ओठ हलवणारा माणूस लगेच ओळखू येतो. झुलू मण्यांच्या दागिन्यांत रंगांना अर्थ असतो. ते हौसेने गळ्यात घालण्यापूर्वी जाणत्या व्यक्तीला विचारावे. निखाऱ्यांवर भाजण्याचा बेत असल्यास शाकाहारी आणि हलाल पदार्थांसाठी जाळ्या व चिमटे वेगळे ठेवावेत.