डेली फँटसी बेसबॉल : सुरुवातीचा पिचर कसा निवडावा

मेजर लीग बेसबॉलचा नियमित हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो आणि त्यात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यामुळे डेली फँटसी, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा एका दिवसापुरता काल्पनिक संघ बांधून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ, खेळणाऱ्यांना जवळजवळ रोज नवा संघ बांधावा लागतो. या संघात सर्वांत जास्त विचार सुरुवातीच्या पिचरवर, म्हणजे सामन्याच्या आरंभापासून फलंदाजांना चेंडू टाकणाऱ्या खेळाडूवर, खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तमातला उत्तम फलंदाजही एका सामन्यात चार-पाच वेळाच बॅटिंगला येतो आणि चारही वेळा रिकाम्या हाती परतू शकतो. पिचर मात्र एका सामन्यात वीस ते पंचवीस फलंदाजांना सामोरा जातो, त्यामुळे नशिबाचा भाग थोडा कमी होतो आणि आपण केलेल्या अभ्यासाला फळ येण्याची शक्यता वाढते.

प्रथम कायद्याबद्दल दोन शब्द. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या फँटसी स्पर्धांवर बंदी आली असून ड्रीम११नेही त्यानंतर सशुल्क स्पर्धा थांबवल्या. अमेरिकेत हा विषय राज्याराज्यांच्या कायद्यांवर अवलंबून आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला ड्राफ्टकिंग्ज किंवा फॅनड्यूएल या फँटसी संकेतस्थळांवर सशुल्क स्पर्धा खेळता येतात, परंतु सिएटल-रेडमंड परिसरातील त्याच्या मित्राला वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यामुळे त्या खेळता येत नाहीत. खाली दिलेली पद्धत विनाशुल्क स्पर्धांनाही तितकीच लागू पडते.

पिचर निवडण्याआधी गुणपद्धत नीट समजून घ्यावी, कारण कोणता पिचर ‘चांगला’ हे तीच ठरवते. ड्राफ्टकिंग्जवर पिचरला प्रत्येक इनिंगला २.२५ गुण, म्हणजे प्रत्येक बादमागे ०.७५ गुण मिळतात. त्याशिवाय स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद होणे) २ आणि विजयाला ४ गुण असतात, तर दिलेल्या प्रत्येक अर्न्ड रनला (क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय निघालेली धाव) २ आणि प्रत्येक हिट (चेंडू टोलवून फलंदाजाने बेस गाठणे), वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्याने फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) किंवा फलंदाजाला चेंडू लागल्याबद्दल ०.६ गुण वजा होतात. एक पिचर ६ इनिंग टाकतो, ८ स्ट्राइकआउट घेतो, ५ हिट, २ वॉक व २ धावा देतो आणि सामना जिंकतो, असे समजू. त्याचे गुण होतात २५.३. दुसरा पिचर ७ इनिंग टाकून ६ हिट, १ वॉक आणि तितक्याच २ धावा देतो, तोही जिंकतो, पण त्याचे स्ट्राइकआउट फक्त ३ आहेत. वर्तमानपत्रातला धावफलक पाहणाऱ्याला हा दुसराच सरस वाटेल, परंतु त्याच्या खात्यात १७.५५ गुणच जमा होतात. फॅनड्यूएलवर स्ट्राइकआउटला ३, इनिंगला ३, विजयाला ६ आणि क्वालिटी स्टार्टला (किमान ६ इनिंग आणि जास्तीत जास्त ३ अर्न्ड रन) ४ गुण असून प्रत्येक अर्न्ड रनला ३ गुण वजा होतात. तेथेही याच दोन पिचरांचे गुण अनुक्रमे ४६ आणि ३४ होतात. थोडक्यात, स्ट्राइकआउटने मिळवलेला बाद हा साध्या बादच्या तुलनेत ड्राफ्टकिंग्जवर साडेतीन पटींहून अधिक आणि फॅनड्यूएलवर चौपट मोलाचा आहे.

म्हणून पिचरच्या नावापुढील विजय-पराजयाच्या नोंदीकडे फारसे लक्ष देऊ नये. जेकब डीग्रोमने २०१८ मध्ये नऊ इनिंगमागे १.७० इतक्या अल्प सरासरीने धावा देऊन सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, पण त्याच्या नावावर विजय होते १० आणि पराजय ९. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सने २०२५ मध्ये हाच पुरस्कार मिळवताना १.९७ ची सरासरी राखली आणि २१६ स्ट्राइकआउट घेतले, तरी त्याचा हिशोब १० विजय आणि १० पराजय असाच राहिला. आपला संघ धावा काढणार की नाही आणि नंतर येणारे पिचर आघाडी टिकवणार की नाही, हे सुरुवातीच्या पिचरच्या हाती नसते. विजयाची शक्यता विचारात घ्यावीच, पण ती त्या दिवसाच्या सामन्यावरून ठरवावी. मागच्या विजयांच्या आकड्यावरून ती कळत नाही.

धावांची सरासरी, म्हणजे ईआरए, हाही हंगामाच्या सुरुवातीला फसवा आकडा असतो. मैदानात पडलेले चेंडू क्षेत्ररक्षकांच्या हाती जातात की त्यांच्या मधून निसटतात, यावर ती बरीच अवलंबून असते आणि पाच-सहा सामन्यांत हा योगायोग कोणत्याही दिशेला झुकू शकतो. त्याऐवजी पिचरने सामना केलेल्या फलंदाजांपैकी किती टक्के स्ट्राइकआउट झाले आणि किती टक्क्यांना त्याने वॉक दिला, हे पाहावे. अलीकडच्या हंगामांत स्ट्राइकआउटचे सर्वसाधारण प्रमाण २२ ते २३ टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. त्यामुळे २८ टक्क्यांच्या पुढे असणारा पिचर खरोखर वेगळ्या दर्जाचा समजावा आणि १८ टक्क्यांच्या खालचा पिचर कितीही स्वस्त मिळाला तरी दहा वेळा विचार करावा. वॉक दुहेरी नुकसान करतात, कारण गुण वजा होतातच, शिवाय चेंडू खर्च होऊन पिचर लवकर बाहेर जातो.

एखाद्याचे स्ट्राइकआउट अलीकडे अचानक वाढले असतील, तर ती वाढ खरी आहे का, हे फलंदाज त्याच्या चेंडूंवर किती वेळा बॅट फिरवून चुकतात यावरून कळते. टाकलेल्या एकूण चेंडूंपैकी सुमारे ११ टक्के चेंडूंवर अशी चूक होणे ही साधारण पातळी आहे. त्याच जोडीला फास्टबॉलचा वेग पाहावा. बेसबॉल सॅव्हंट या विनामूल्य संकेतस्थळावर २०१५ पासूनची प्रत्येक चेंडूची नोंद उपलब्ध आहे, आणि ज्या पिचरचा वेग मागील दोन-तीन सामन्यांत ताशी दीड-दोन मैलांनी उतरला आहे, त्याच्या नावाला भुलून पैसे टाकू नयेत. वेगातील अशी घट पुष्कळदा दुखापतीची पहिली खूण असते आणि ती ईआरएमध्ये दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

यानंतरचा प्रश्न माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे : त्याला किती चेंडू टाकू देतील? एका इनिंगला साधारण १६ चेंडू लागतात. दुखापतीतून परतलेल्या पिचरवर संघाने ७५ चेंडूंची मर्यादा घातली असेल, तर तो पाचव्या इनिंगच्या मध्यावरच थांबेल, आणि सुरुवातीच्या पिचरला विजयाचे श्रेय मिळण्यासाठी किमान ५ इनिंग पूर्ण कराव्या लागतात. म्हणजे चेंडू कितीही झकास पडत असले तरी विजयाचे गुण बहुधा हातचे गेलेच. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की ते पिचरला अधिक चांगले खेळतात, हे आकडेवारीने दाखवून दिल्यापासून व्यवस्थापक मधल्या दर्जाच्या पिचरला तिसऱ्या फेरीपूर्वीच काढून घेतात. टॅम्पा बे रेजने मे २०१८ मध्ये सर्जिओ रोमो या राखीव पिचरला एक इनिंग टाकण्यापुरते सुरुवातीला आणून ‘ओपनर’ची पद्धत रूढ केली. त्यामुळे यादीत ‘सुरुवातीचा पिचर’ म्हणून झळकणारे प्रत्येक नाव तसे असेलच असे नाही. मागील चार सामन्यांतील त्याच्या चेंडूंची संख्या पाहावी. ९०-१०० चेंडू नियमित टाकणारा पिचर आणि ८०च्या आत काढला जाणारा पिचर यांच्या कुवतीत फरक नसला, तरी गुणांत मोठा फरक पडतो.

प्रतिस्पर्धी संघ पाहताना त्याच्या एकूण धावांपेक्षा तो किती वेळा स्ट्राइकआउट होतो, तेही डावखुऱ्या आणि उजव्या पिचरविरुद्ध वेगवेगळे, हे तपासावे. सर्वसाधारणपणे उजव्या हाताच्या पिचरला उजवे फलंदाज आणि डावखुऱ्याला डावखुरे फलंदाज सोपे जातात, म्हणून व्यवस्थापक समोरचा पिचर पाहून फलंदाज बदलतात. म्हणूनच संघाची हंगामभराची सरासरी ही कच्ची माहिती समजावी आणि त्या दिवशी जाहीर झालेल्या नऊ नावांवर अंतिम निर्णय घ्यावा. लुईस अराएझसारखा फलंदाज, जो २०२५ च्या संपूर्ण हंगामात केवळ २१ वेळा स्ट्राइकआउट झाला, फलंदाजीच्या क्रमात वरच्या जागी असेल, तर पिचरला त्याच्याकडून दोन-तीन फेऱ्यांत बहुधा काहीच मिळत नाही. उलट नेहमीच्या दोन खेळाडूंना विश्रांती देऊन नवख्यांना उतरवले असेल, तर मध्यम पिचरचीही किंमत वाढते.

मैदानाचा परिणाम बेसबॉलमध्ये क्रिकेटच्या खेळपट्टीइतकाच निर्णायक ठरू शकतो. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू दूर जातो आणि कर्व्हबॉल नेहमीइतका वळत नाही. शिवाय तेथील प्रशस्त मैदानात क्षेत्ररक्षकांमध्ये मोकळी जागा फार राहते. २००२ पासून तेथे चेंडू आर्द्रता-नियंत्रित कपाटात ठेवले जातात, तरी ते मैदान पिचरांना जाचकच राहिले आहे. तेथे खेळणारा पिचर स्वस्त दिसला तरी टाळावा. याउलट सॅन फ्रान्सिस्कोचे ओरॅकल पार्क आणि सिएटलचे टी-मोबाइल पार्क पिचरांना साथ देतात. जुनी आकडेवारी वापरताना एक सावधगिरी बाळगावी. अॅथलेटिक्स संघ २०२५ पासून ओकलंडचे प्रशस्त मैदान सोडून सॅक्रामेंटोच्या लहान मैदानावर खेळू लागला आहे आणि तेथे धावा सहज निघतात, त्यामुळे या संघाच्या घरच्या सामन्यांबद्दलचे जुने ठोकताळे आता निरुपयोगी झाले आहेत. शिकागोच्या रिग्ली फील्डवर तर वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय निर्णयच घेऊ नये : वारा सरोवराकडून आत वाहत असेल तर होम रन अडतात आणि बाहेर वाहत असेल तर तेच मैदान पिचरच्या मुळावर येते. अंपायरच्या स्ट्राइक झोनवर, म्हणजे तो कोणते चेंडू स्ट्राइक ठरवतो यावर, बरीच चर्चा होते, पण दोन पिचर अगदी तुल्यबळ असतील तेव्हाच तिचा विचार करावा.

या सगळ्याचा सार एका आकड्यात हवा असेल, तर सट्टाबाजारातील भाव पाहावेत. त्यासाठी सट्टा खेळण्याची मुळीच गरज नाही. समजा, सामन्यातील एकूण धावांचा अंदाज ७.५ आहे आणि यजमान संघाचा भाव उणे १८० आहे, म्हणजे १०० डॉलर जिंकण्यासाठी १८० डॉलर लावावे लागतात. २८० पैकी १८० या हिशोबाने यजमानांच्या विजयाची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. त्यात कंपनीचा नफा दडलेला असल्याने खरी शक्यता थोडी कमी धरावी. अशा सामन्यात पाहुण्या संघाच्या वाट्याला सव्वातीनच्या आसपास धावा येतात, आणि साडेतीनच्या आत अंदाज असलेल्या संघाविरुद्धचा पिचर ही चांगली निवड असते. मात्र हे भाव स्ट्राइकआउटबद्दल थेट काहीच सांगत नाहीत, म्हणून वरची तपासणी टाळता येत नाही.

आता किमतीचा प्रश्न. ड्राफ्टकिंग्जच्या नेहमीच्या स्पर्धेत ५०,००० डॉलरच्या काल्पनिक मर्यादेत २ पिचर आणि ८ फलंदाज बसवायचे असतात. पहिल्या पिचरवर १०,५०० आणि दुसऱ्यावर ७,५०० खर्च केले, तर उरलेल्या ३२,००० मध्ये प्रत्येक फलंदाजामागे सरासरी ४,००० येतात आणि त्यात बरा संघ उभा राहतो. पहिल्या पिचरबाबत हात आखडता घेऊ नये. काटकसर दुसऱ्या पिचरवर करावी, आणि तीही ज्याचे स्ट्राइकआउट चांगले आहेत पण मागच्या एक-दोन वाईट सामन्यांमुळे किंमत उतरली आहे अशावर. फॅनड्यूएलवर एकच पिचर असल्याने तेथे हा डावपेच उरत नाही. सर्वोत्तम पिचर सोडून दुसरा घेण्यासाठी तसेच सबळ कारण असावे.

स्पर्धेचा प्रकारही निर्णय बदलतो. जिथे निम्म्या स्पर्धकांना जवळपास दुप्पट रक्कम मिळते, तिथे सगळे ज्याला घेतात तोच भरवशाचा पिचर आपणही घ्यावा, कारण तो ढेपाळला तर इतरांचेही तितकेच नुकसान होते. हजारो प्रवेशिका असलेल्या मोठ्या स्पर्धेत मात्र पहिल्या काही क्रमांकांनाच मोठी बक्षिसे असतात. तिथे वॉक जास्त देणारा, पण जमले तर १० स्ट्राइकआउट घेऊ शकणारा आणि फार थोड्यांनी निवडलेला पिचर घेण्यात अर्थ असतो. दोन्ही प्रकारांत आपल्या पिचरविरुद्ध खेळणारा फलंदाज आपल्याच संघात घेऊ नये. त्याचप्रमाणे एकाच सामन्यातील परस्परविरोधी दोन्ही पिचर घेतले, तर विजयाचे ४ गुण जास्तीत जास्त एकालाच मिळणार, हे ध्यानात ठेवावे.

शेवटची तपासणी सामना सुरू होण्यापूर्वीच्या तीन-चार तासांत करावी, कारण त्याच सुमारास फलंदाजांचे क्रम जाहीर होतात. पावसाचा अंदाज याच वेळी पाहावा. सामना पुढे ढकलला गेला तर पिचरला शून्य गुण मिळतात, आणि सुरू झालेला सामना तासाभराहून अधिक थांबला तर सुरुवातीचा पिचर सहसा परत येत नाही. फलंदाजासाठी हा धोका पत्करता येतो, पण पिचरसाठी शक्यतो पत्करू नये. ड्राफ्टकिंग्जवर ज्याचा सामना अजून सुरू झालेला नाही अशा खेळाडूला स्पर्धा सुरू झाल्यावरही बदलता येते, त्यामुळे शंका असलेला पिचर पश्चिम किनाऱ्यावरील उशिराच्या सामन्यातला असेल, तर त्याच्याइतक्याच किमतीचा दुसरा उशिराचा पिचर आधीच हेरून ठेवावा. पुण्या-मुंबईत बसून विनाशुल्क स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कमधील सायंकाळी ७:०५ चा सामना म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहाटेची ४:३५ ही वेळ, आणि फलंदाजांचे क्रम हाती येतात ते रात्री एकच्या सुमारास. तेवढे जागणे शक्य नसेल, तर मोठ्या चेंडूसंख्येचा, छताखालच्या किंवा कोरड्या हवेच्या मैदानावरचा पिचर झोपण्यापूर्वीच निवडून ठेवावा.