चिऱ्याची भिंत आणि आईचे शौचालय

फोंड्यातील आमच्या जुन्या घरात आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर मी नेहमीचे, साधारण 400 मिलिमीटर उंचीचे कमोड घाईने बसवून घेतले आणि तिथेच चुकलो. उठताना आई बेसिनची कड धरून अंग वर ओढायची. तिची पांढरी पडलेली पेरे पाहून मला फार वाईट वाटले. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग-वृद्धांनाही इमारत सहज वापरता यावी यासाठीच्या, केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आसनाची उंची 450 ते 480 मिलिमीटर सांगितली आहे, म्हणून कमोडवर घट्ट बसणारे उंच आसन लावले. मात्र बसल्यावर पावले जमिनीवर पूर्ण टेकतात ना, हे आधी पाहावेच.

खरी अडचण आधाराच्या दांड्याची होती. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची; हा दगड मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे स्क्रूच्या साध्या प्लगमध्ये बसवलेला दांडा आठवड्याभरात हलू लागला. तेव्हा गवंड्याकडून भिंतीतून आरपार बोल्ट घालून, पलीकडून स्टीलची पट्टी लावून तो पक्का करून घेतला. दारही बाहेर उघडणारे केले, कारण आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार त्याच माणसाच्या अंगाला अडते. आता आई रात्री एकटी जाऊन येते.